उतरंड

लालबागच्या आमच्या खोलीत मोरीशेजारच्या कोपऱ्यात एक उतरंड होती. आजच्या मुलांना उतरंड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल. तळाला तांब्याचा मोठा हंडा, त्यावर पितळेची घागर, घागरीवर कळशी, कळशीवर चरवी आणि सगळ्यांत वर एक छोटासा गडू, अशी मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचलेली भांडी. रोजच्या पाण्याला वेगळं पिंप होतं. ही भांडी आईच्या लग्नातली. गणपतीला आणि दिवाळीला ती चिंचेनं लख्ख घासली जात आणि पुन्हा होती तशी रचून ठेवली जात. दहा बाय बाराची खोली, तीत सहा माणसं, रात्री पाय पसरायला जागा नाही, आणि या भांड्यांनी एक अख्खा कोपरा अडवलेला. ती शोभेसाठी आहेत असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ती आमच्या घरची बँक आहे हे कळलं तेव्हा मी स्वतः एका बँकेत कारकून होतो आणि साल होतं १९८२.

पुढे बँकेत मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. मधल्या काळात काही कादंबऱ्या लिहिल्या. तुमच्या कादंबरीतला प्रत्येक माणूस कुणाचं ना कुणाचं देणं लागतो, अशी तक्रार एका वाचकानं पत्र लिहून केली होती. ती खरी होती. पण इतकी वर्षं कर्जाचे कागद हाताळूनही एक वाक्य ऐकलं की मी अजून अस्वस्थ होतो. रविवारी सकाळी कुणाकडे पोह्यांची बशी हातात असताना ते हमखास कानावर येतं. ‘या लोकांना पैसा राखताच येत नाही हो. आला की उडवला.’

वाचकहो, आज या वाक्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

दहा तारखेचं घर

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. पगार दहा तारखेला. ही दहा तारीख कुणी मनानं ठरवलेली नव्हती. १९३६च्या वेतन कायद्यानं ती घालून दिली होती. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा दिवसांच्या आत पगार झाला पाहिजे, असा तो नियम. त्यामुळे गिरणगावाचा महिना एक तारखेला कधी सुरू झालाच नाही. आमचं पंचांग दहा ते दहा चालायचं. वीस तारखेपर्यंत बाजारात मासळी महाग असे आणि एक तारखेनंतर चाळीतल्या बहुतेक घरांत पिठलं शिजे.

आईचे तीन डबे होते. एक भाड्याचा आणि विजेच्या बिलाचा, दुसरा रेशनचा, तिसरा गावच्या मनीऑर्डरीचा. पगार हातात पडला की ती आधी हे डबे भरायची आणि उरलेल्यात महिना चालवायची. तिसऱ्या डब्यातून दुसऱ्यात उसने घेतले तर चिंधीला गाठ मारून ठेवायची. पुढे बँकेत मी ज्याला तरतूद म्हणायला शिकलो ती या गाठीहून फारशी वेगळी नव्हती. एक चौथी जागाही होती. उतरंडीतल्या चरवीत, वरचा गडू उचलला की, एक लहानशी पुरचुंडी असे. ती बाबांना ठाऊक नव्हती, म्हणजे ठाऊक नाही असं बाबा दाखवत. चाळीतल्या काही घरांत मात्र ती खरोखरच लपवावी लागे, कारण गुत्ता रस्त्याच्या पलीकडेच होता.

डबे पुरे पडत नसत तेव्हा वाण्याची वही होती. वाणी व्याज लावत नसे, असं सगळे म्हणत. पण रोखीचा भाव आणि वहीचा भाव यांत किलोमागे थोडा फरक असे आणि वहीवाल्याला तांदूळ पोत्याच्या तळाचा मिळे. हेच त्याचं व्याज. ते सगळ्यांना कळत होतं. तरी त्याच्याविषयी कुणाचा राग नव्हता, कारण संध्याकाळी सात वाजता पावशेर तेल उधार देणारी दुसरी संस्था या शहरात नव्हती.

वाण्याच्या पलीकडे भिशी, भिशीच्या पलीकडे नाक्यावरचा सराफ आणि सगळ्यांच्या शेवटी गिरणीच्या दाराशी पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण. तो आमच्या लहानपणीच विरळ झाला होता. पण त्याचं वर्णन १९३१च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही सापडतं. कर्जापायी कामगाराला तुरुंगात टाकण्यावर बंधन घालावं, असं त्या आयोगानं सुचवलं होतं. म्हणजे पगार हातात पडण्याआधीच तो दुसऱ्याचा झालेला असणं हे गिरणगावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं.

आता यात उडवणं कुठे आलं? मला तर यात सतत चाललेला हिशेब दिसतो. आवक महिन्यातून एकदा आणि जावक रोज, या दोहोंचा मेळ घालणं हे त्या बायकांचं अर्धं आयुष्य होतं.

संप

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे. इथे ती करायची नाही. मला सांगायचं आहे ते घरात काय झालं, एवढंच.

आधी चहातलं दूध गेलं. मग मासळी गेली, मग भाजी. वर्तमानपत्र बंद झालं. वाण्याची वही भरत गेली. चैत्र-वैशाखात चाळ हळूहळू रिकामी होऊ लागली. कोकणातल्या आणि घाटावरच्या लोकांनी बायका-मुलं गावाला धाडली, कारण तिथे निदान भाड्याचा आणि भाताचा प्रश्न नव्हता. मग दागिने. आधी मुलींच्या कानांतले, मग हातातले, आणि मंगळसूत्रातले मणी राहून वाट्या गेल्या. मग भांडी. काही घरांत मग मुलांची शाळा सुटली. कुणी हॉटेलात कपबशा विसळायला लागला, कुणी भाजीच्या पाट्या उचलायला. शेवटी खोली. पागडीवर खोली देऊन जो गेला तो परत येणार नाही, हे सगळ्यांना माहीत असे. त्याला पोचवायला चाळ खाली उतरे.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जे पुन्हा मिळवता येईल ते आधी सोडायचं आणि जे गेलं की कायमचं गेलं ते शेवटपर्यंत धरून ठेवायचं. अर्थशास्त्राचा एकही वर्ग न केलेल्या हजारो बायकांनी तो बहुतेक सारखाच पाळला. वरचा गडू आधी, तळाचा हंडा शेवटी.

त्या पडझडीत तीन गोष्टींनी आधार दिला, तेही सांगितलं पाहिजे. रेशनचं दुकान, महापालिकेची शाळा आणि परळचं केईएम रुग्णालय. १९२६ साली सुरू झालेलं ते रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर नसतं, तर संपातल्या कितीतरी घरांत दुखणं आलं असतं तेव्हाच सगळी उतरंड एका दिवसात विकावी लागली असती. काटकसरीला मर्यादा असते, आणि बाळंतपण किंवा मोडलेला पाय ती मर्यादा ओळखत नाही.

आमचं घर त्या मानानं सुदैवी. माझा पगार चालू होता. १९८१ साली मी बँकेत लागलो होतो आणि अजून नोकरीत कायम व्हायचा होतो. सहा माणसं, गावची आजी आणि धाकट्या भावाचं शिक्षण त्या एका पगारावर तरून जात होतं, कसंबसं.

न केलेली सही

खोली नंबर बारामध्ये एक काकू खानावळ चालवायच्या. त्यांच्याकडे चौदा जण जेवायला. सगळे गिरणीतले, बायका-मुलं गावाला. गिरणगावातल्या खानावळी म्हणजे उधारीवर उभा असलेला डोलारा. जेवणारा महिनाअखेर पैसे देणार आणि काकू वाण्याला त्यानंतर. दोघांच्या मध्ये सगळा भार काकूंच्या चुलीवर. संप सुरू झाल्यावर चौदांपैकी आठ गावी गेले. सहा राहिले आणि त्या सहांकडेही द्यायला काही नव्हतं. काकूंनी त्यांना उठवलं नाही. एक वेळचं जेवण चालू ठेवलं.

मे महिन्यात त्या माझ्या शाखेत आल्या. लुगडं धुतलेलं, हातात रेशनकार्ड. म्हणाल्या, ‘बाळ, हजार रुपये मिळाले तर वाण्याचं थोडं फेडीन. त्यानं माल बंद केलाय. संप मिटला की माणसं येतील, मी फेडीन.’

मी त्यांना साहेबांसमोर नेलं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, ‘संप कधी मिटणार?’ याचं उत्तर मुंबईत कुणाकडेच नव्हतं. ‘तारण?’ नव्हतं. मग ते म्हणाले, ‘निदान जामीन तरी हवा. पगारदार माणूस असेल तर बघता येईल.’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

मी समोरच्या लेजरमध्ये मान घातली.

कारणं होती. मी कायम झालो नव्हतो. काकूंचं कर्ज थकलं असतं तर ते माझ्या पगारातून गेलं असतं. घरात सहा तोंडं होती. ही कारणं मी तेव्हाही मनात म्हटली आणि नंतरही पुष्कळदा म्हटली. काकू एवढंच म्हणाल्या, ‘बरं, येते हं,’ आणि गेल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा नेहमीसारख्या बोलल्या. त्याचा त्रास अधिक झाला.

पुढे कळलं ते असं. खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू शकतं, हे गिरणगावात तोवर सिद्ध झालेलं होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते याच बायकांना वाण्याच्या आणि सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. एकेकीला तारण मागण्याऐवजी गटानं एकमेकींची हमी घ्यायची, अशी त्यांची रीत होती आणि राष्ट्रीयीकृत बँकेनं ती मानली होती. शिवाय १९७२ पासून अगदी गरिबांसाठी चार टक्के व्याजाची सरकारी योजना होती. आदल्या वर्षीच्या एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम बँकांनी तिच्यात द्यावी, असा दंडक होता. म्हणजे नियमांत काकूंसाठी जागा होती. त्या जागेपर्यंत त्यांना नेणारा माणूस मात्र त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे बसलेला नव्हता.

भिशी

आमच्या मजल्यावर वीस बायकांची भिशी होती. महिना पन्नास रुपये, म्हणजे हजाराची. १९८१च्या दिवाळीनंतर सुरू झालेली. दर महिन्याला चिठ्ठी निघे. जूनची आठवी चिठ्ठी आईच्या नावानं निघाली. तोवर वीसपैकी तेराच जणी पैसे भरू शकत होत्या. साडेसहाशे रुपये जमले. ते पैसे माझ्या धाकट्या भावाच्या तंत्रनिकेतनातल्या प्रवेशासाठी, असं घरात ठरलेलं होतं.

आईनं ते साडेसहाशे तिथल्या तिथे काकूंच्या हातात दिले.

रात्री मी विचारलं, ‘मग फीचं काय?’ आई म्हणाली, ‘बघू.’ दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा कोपऱ्यात फक्त तळाचा हंडा होता. गडू, चरवी, कळशी, घागर सराफाकडे गेली होती. भावाची फी भरली गेली. आईनं मला बोल लावला नाही. मी सही केली नाही हे तिला काकूंकडून कळलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

पुष्कळ वर्षांनी मी स्वतः कर्ज मंजूर करू लागलो तेव्हा आईच्या त्या निर्णयाचा विचार केला. भावनेच्या भरात केलेलं ते दान नव्हतं. काकूंकडे कोण जेवतं, त्यांतला कोण प्रामाणिक आहे, कोण गावाला जाऊन परत येईल, वाण्याचं नक्की किती देणं आहे, काकू चाळ सोडून जाणार नाहीत, हे सगळं तिला माहीत होतं. आमच्या बँकेच्या छापील अर्जात यातलं एकही कलम नव्हतं. १९८५ सालापर्यंत काकूंनी ते पैसे पन्नास-पन्नासच्या तेरा हप्त्यांत परत केले. गावी गेलेल्या आठांपैकी पाच जण पुढे कधी ना कधी येऊन जुनी बाकी देऊन गेले. त्यांतल्या एकानं पैशांऐवजी आंब्याची पेटी आणि तांदळाची गोणी आणली होती.

पण या गोष्टीचा गोडवा गाऊन थांबता येत नाही. पुढचंही सांगितलं पाहिजे. जूनमध्ये तेरा जणींनी पैसे भरले होते, सप्टेंबरमध्ये सहा जणींनी. ऑक्टोबरमध्ये भिशी बंद पडली. ज्यांनी आधी उचल घेतली होती त्या देणेकरी आणि ज्यांची चिठ्ठी निघायची होती त्या घेणेकरी अशा एका मजल्यावर समोरासमोर राहत होत्या. नळावर भांडणं झाली. दोन घरांचं बोलणं कायमचं तुटलं. ते हिशेब १९८७ पर्यंत फिटत होते.

भिशी का बुडाली? कुणी लबाडी केली म्हणून नव्हे. तशाही भिश्या बुडतात आणि चालवणारी रातोरात पसार झाल्याच्या तक्रारी पोलिसांकडे असतातच. आमची बुडाली, कारण वीसच्या वीस घरं एकाच गिरणधंद्यावर उभी होती. एका घरात आजारपण आलं तर एकोणीस घरं त्याला सावरतात. वीसही घरांवर एकाच दिवशी घाला पडला तर कुणी कुणाला सावरायचं? शेजारधर्म, नातीगोती, वाण्याची उधारी, गरिबांची ही सगळी यंत्रणा एकेकट्याच्या संकटासाठी असते. सगळ्यांच्या संकटात ती एकदमच मोडते. त्या वेळी बाहेरून आधार यावा लागतो, आणि आमच्या मजल्यावर बाहेरचा आधार म्हणजे माझ्यासारख्या दोन-चार पगारदार पोरांचे पगार एवढाच होता.

ऐंशी टक्क्यांचा शहाणपणा

१९९७च्या सुमारास मी उपनगरातल्या एका शाखेत होतो. शेजारी भाजीबाजार. तिथल्या बायका रोजवाल्याकडून पैसे घेत. हातात नऊशे पडायचे आणि रोज दहा रुपयांप्रमाणे शंभर दिवसांत हजार फेडायचे. मी हिशेब मांडला. रोज फेड होत असल्यानं सरासरी साडेचारशेच रुपये वापरायला मिळतात आणि त्यावर शंभर दिवसांत शंभर रुपये व्याज. वर्षाचं सरळव्याज ऐंशी टक्क्यांच्या वर जातं. मी एका मावशींना मोठ्या उत्साहानं हे समजावून सांगितलं आणि म्हटलं, ‘आमच्याकडे या, पावपटीहून कमी व्याजात काम होईल.’

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘किती खेपा घालाव्या लागतील साहेब?’

मी म्हटलं, ‘तीन-चार.’

‘माझा दिवसाचा धंदा पन्नास-साठ रुपयांचा. तीन दिवस बुडाला की दीडशे-पावणेदोनशे गेले. तो माणूस शंभर घेतो, पण पाटीपाशी येऊन देतो, पाटीपाशी येऊन नेतो. आता तुम्हीच सांगा, महाग कोण?’

मला उत्तर देता आलं नाही. टक्केवारी माझी बरोबर होती आणि रुपयांचा हिशेब त्यांचा.

याच्याही पुढची गोष्ट आंध्रातल्या विजयवाड्याची आहे. स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकानं गरिबांच्या पैशाच्या व्यवहारांवर लिहिलेल्या पुस्तकात तिचा दाखला दिला आहे. तिथल्या झोपडवस्तीत एक बाई घरोघर जाऊन बायकांची बचत गोळा करायची. दोनशे वीस चौकटींचं एक कार्ड. दर चौकटीला पाच रुपये. कार्ड भरलं की अकराशे जमा होत आणि बाई हजार परत देई. म्हणजे बचत करणारीच शंभर रुपये मोजत होती. हिशेब केला तर वर्षाला उणे तीस टक्के व्याज. शहाणा माणूस हसेल. पण मुलांच्या शाळेसाठी जूनमध्ये हजार रुपये एकरकमी हवे असतील, घरात ठेवले तर टिकत नसतील आणि रोज दाराशी येऊन पाच रुपये नेणारं दुसरं कुणी नसेल, तर शंभर रुपये ही त्या सेवेची मजुरी ठरते.

आपल्याकडच्या बँकांना हे अगदीच उमगलं नव्हतं असं नाही. उडुपीला १९२५ साली सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक या नावानं ओळखल्या गेलेल्या बँकेनं १९२८ साली पिग्मी ठेव काढली. एजंटानं दाराशी जायचं आणि रोज दोन आणे सुद्धा घ्यायचे. ही बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द महाराष्ट्रातल्या पतपेढ्यांनी आपलासा करून टाकला. दोन आण्यांसाठी माणूस पाठवणं परवडतं का, हा प्रश्न तेव्हाही कुणीतरी विचारलाच असेल.

पुन्हा तोच कोपरा

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०१४ साली जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्या हातात पासबुक आलं. फेरीवाल्यांसाठी २०२० साली दहा हजारांच्या पहिल्या कर्जाची योजना निघाली. बचतगट आहेत, गटकर्जं देणाऱ्या कंपन्या आहेत. खातं असणं आणि पत असणं यांत मात्र अजून बरंच अंतर आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांचे यजमान भाड्याची रिक्षा चालवतात. ताईंची दोन बँकांत खाती, एक गटकर्ज, वस्तीत एक भिशी आणि थोडं सोनं एका कंपनीत गहाण. चार घरची कामं. २०२०च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हे सारं एकाच आठवड्यात थांबलं. रिक्षा बंद, चारपैकी दोन घरांनी पगार दिला, दोघांनी दिला नाही. भिशी पुढच्याच महिन्यात मोडली. मला १९८२चा ऑक्टोबर आठवला. रिझर्व्ह बँकेनं १ मार्चपासून हप्ते पुढे ढकलण्याची सवलत आणली आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. पण हप्ता पुढे गेला तरी व्याजाचं चाक फिरतच होतं. ताई मला म्हणाल्या, ‘काका, हप्ता माफ झाला असं सगळे म्हणत होते. माफ नव्हता, साठत होता.’

सहा महिन्यांत त्यांच्या घरातून काय काय गेलं ते मी एकदा त्यांना विचारलं. दूध गेलं, केबल गेली, गॅसऐवजी काही दिवस स्टोव्ह आला, कानांतलं गेलं. मुलीचा फोन मात्र ठेवला, कारण शाळा फोनवर भरत होती. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मजल्यानं पाळलेला क्रमच हा.

गटकर्जांवर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचं एक बंधन आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. नियम चांगला आहे. पण निम्मं उत्पन्न हप्त्यांत गेल्यावर ज्यांचं उरलेलं निम्मं भाड्यात आणि औषधात जातं, त्यांनी खायचं काय, हा हिशेब आईच्या तीन डब्यांत घालून बघावा लागेल.

मला उपदेश करायचा नाही. चाळीस वर्षं टेबलाच्या एका बाजूला बसून जे दिसलं त्यावरून दोन-तीन गोष्टी वाटतात, त्या सांगतो. गरीब घराला मोठं कर्ज क्वचितच हवं असतं. त्याला लहान रक्कम, वेळेवर, दाराशी हवी असते. ते व्याज देतं ते वेळेचं आणि खेपा वाचल्याचं. दुसरं असं की, एकेकट्याच्या अडचणीत त्या वस्त्या स्वतःच स्वतःला सावरतात. सगळ्यांवर एकदम आलेल्या संकटात मात्र रेशन, सरकारी दवाखाना आणि शाळा हेच शेवटचे आधार असतात आणि ते चांगल्या दिवसांतच राखून ठेवावे लागतात. आणि तिसरं अगदी आपल्या हातातलं. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या तारखेला द्यावा. आपल्याला पाच तारखेचा सहज सात तारीख करता येते. त्या दोन दिवसांसाठी तिला कुणाकडून तरी शेकडा दहानं उचलावे लागतात.

काकू १९९४ साली वारल्या. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. सून म्हणाली, ‘तुमचं नाव नेहमी घ्यायच्या, बँकेतला मुलगा म्हणून.’ मी जेवलो आणि निघून आलो.

सराफाकडची भांडी सुटली नाहीत. मुदत गेली आणि ती मोडीत गेली. तळाचा हंडा राहिला. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. सध्या तो आमच्या दिवाणखान्यात असतो. सूनबाईंनी त्यात एक शोभेचं रोप लावलं आहे. पाहुणे आले की त्याचं कौतुक होतं.

परवा ताई फरशी पुसत होत्या. हंडा बाजूला सरकवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी थोडा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘काका, अस्सल तांबं आहे. चार किलो तरी भरेल.’

एवढ्या पाहुण्यांपैकी त्याचं वजन आजवर कुणी पाहिलं नव्हतं.